दोन किलो घट्ट

स्टेडियमच्या पोटात, खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोल्या ओलांडून पुढं गेलं की डाव्या हाताला एक लांबट खोली होती. तिला खिडकी एकही नव्हती. आत सहा यंत्रं ओळीनं मांडलेली, प्रत्येक यंत्रापुढं एक माणूस, आणि भिंतीवर खुंट्याच खुंट्या. त्या खुंट्यांना चिठ्ठी बांधलेल्या रॅकेटी लटकत असायच्या. महिलांच्या या मोठ्या स्पर्धेचे दोन आठवडे सगळ्या खेळाडूंच्या रॅकेटच्या तारा इथंच ओढल्या जायच्या. सहा जणांत बाई एकच. तिला सगळे ताई म्हणायचे, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले मास्तरसुद्धा.

मास्तर त्या सहा जणांवरचे, खोलीचे प्रमुख. चष्मा कपाळावर, पेन्सिल कानावर, आणि डोकं कायम तापलेलं. पण त्यांच्या हाताखालून गेलेली रॅकेट कधी परत आली नव्हती, आणि ताईच्या हाताखालून गेलेलीही नव्हती. म्हणून सात वर्षं ते तिला न चुकता बोलावत. कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघायचा नाही. फार झालं तर “बरं झालंय” म्हणायचे, तेही दुसरीकडे बघत.

बाहेरच्या जगाला त्या नामांकित खेळाडू त्यांच्या नावांनी माहीत होत्या. खोलीतल्या लोकांनी त्यांना आपली नावं ठेवली होती, आणि ती तारा बघून ठेवली होती. एक होती ‘भोवरा’. डावखुरी. चेंडूला खालून वर असा काही घुसळून काढायची की तिच्या उभ्या तारा आडव्या तारांवर घासून त्यांना खाचा पडायच्या. तासाभरात एक तरी तार तटकन तुटलेली. एका सामन्याला आठ रॅकेटी घेऊन यायची. दुसरी ‘भिंत’. तिची तार तुटायचीच नाही, पण सगळ्या जाळीवर चेंडूची पिवळट लव सारखी चिकटलेली असायची. कुठून कुठून धावत येऊन, रॅकेटच्या कुठल्याही कोपऱ्यानं, चेंडू परत म्हणजे परत. समोरची दमून चूक करेपर्यंत ही परत करत राहणार.

आणि तिसरी ‘तोफ’. तीन वर्षं पहिल्या क्रमांकावर. सहा फूट उंची, सर्व्हिस अशी की समोरचीला चेंडू दिसण्याआधी ऐकू यावा. बाकीच्या जणी चेंडूला फिरकी देत, ही सरळ सपाट मारायची, आणि दर वेळी नेमकी रॅकेटच्या मधोमध. तिच्या तारांवर मध्यभागी अंड्याएवढा घासलेला डाग असायचा; बाजूच्या तारा कोऱ्या करकरीत. “ही टेनिस खेळत नाही, शिक्का मारते,” असं लंबू म्हणायचा. लंबू म्हणजे ताईच्या शेजारच्या यंत्रावरचा. तोफेच्या रॅकेटी नेहमी तोच ओढायचा आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

त्या वर्षी खुंट्यांवर एक नवीन रॅकेट आली होती. पात्रता फेरीतून वर आलेल्या एका मुलीची. लंबूनं ती उजेडात धरून बघितली आणि मान हलवली.

“ताई, हे बघा. हिचा डाग मध्यावर नाहीच. खाली, आणि तिरका. चाकूनं काप घेतल्यासारखा. आजच्या काळात एवढा स्लाइस कोण खेळतं?”

“असेल कोणीतरी,” ताई म्हणाली आणि खाली वाकून यंत्राचा चिमटा उगाचच पुसू लागली.

ती रॅकेट तिच्या मुलीची होती.

मुलीला घरी बारकी म्हणायचे. लहानपणी अंगानं बारकी होती म्हणून, आणि पुढंही पाच फूट तीन इंचांवर गाडी अडली म्हणून. ताई तेव्हा खेळाच्या सामानाच्या एका दुकानात मागच्या खोलीत बसून तारा ओढायची. शाळा सुटली की बारकी तिथंच. दुकानाच्या मागं एक बोळ होता, सहा पावलं रुंद. समोर आंधळी भिंत, पण छातीच्या उंचीपासून वर काचेच्या खिडक्या सुरू. आत एक शिंपी बसायचा, भारी रागीट. चेंडू वर गेला की काच, काच फुटली की शिंपी. बारकीनं आठव्या वर्षीच यावर आपला तोडगा काढला. चेंडूच्या खालून रॅकेट सपकन कापत न्यायची. चेंडू सुस्तपणे तरंगत जायचा, भिंतीला कमरेखाली लागायचा, आणि परत येताना जमिनीला चिकटून यायचा. त्या बोळात तिनं पाच वर्षं काढली. काचा फुटल्या एकूण दोन.

पुढं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं तेव्हा पहिल्याच दिवशी तिथल्या मुख्य शिक्षकांनी कपाळाला हात लावला. “हे काय आजीच्या काळातलं? दोन हातांनी बॅकहँड मार. चेंडू वर उचल, फिरकी दे.” बारकीनं दोन वर्षं प्रामाणिकपणे उचलून बघितला. उंच मुली तो उचललेला चेंडू खांद्यावर घेऊन ठोकून काढायच्या. सतराव्या वर्षी त्यांनी तिला सांगितलं की तू शिक्षिका चांगली होशील. त्या संध्याकाळी ती घरी आली, जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बोळात जाऊन उभी राहिली.

आता ती चोवीस वर्षांची होती. जागतिक यादीत कधी दीडशे, कधी एकशे सत्तर. या स्पर्धेत पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून आत आली होती. आल्या दिवशीच तिनं आईला बजावलं, “आई, त्या खोलीत माझं नाव काढायचं नाही हं. लोक म्हणतील, आईनं मागच्या दारानं घुसवली.”

“तारा ओढणाऱ्या बाईला कुठलं आलंय मागचं दार?”

“तरी नाहीच.”

आडनाव वडिलांचं लावायची, ताई मात्र माहेरचंच; तोंडवळाही वडिलांचाच. कोणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. तिच्या रॅकेटी नशिबानं दुसऱ्यांच्या यंत्रावर गेल्या आणि ताई गप्प राहिली. बारकी पहिली फेरी जिंकली तेव्हाही गप्प. दुसरी जिंकली तेव्हा पाणी प्यायचं निमित्त काढून बाहेर गेली आणि कोपऱ्यात उभी राहून दोन मिनिटं एकटीच हसली. तिसरी जिंकली आणि चौथीत समोरचीचा पाय मुरगळला. बघता बघता पोर शेवटच्या आठांत येऊन बसली. पुढ्यात कोण, तर तोफ.

सामना दुपारी दोनचा होता. खोलीत कोपऱ्यात एक छोटा टीव्ही होता, आवाज बंद. मास्तरांचा नियम होता, चित्र बघा पण कान यंत्राकडे ठेवा. सगळे हात चालू ठेवून मान वळवत होते. ताईची मान मात्र वळत नव्हती. ‘भिंती’ची एक रॅकेट तिच्या यंत्रावर होती आणि ती एकेक आडवी तार अशी विणत होती, जणू आयुष्यात पहिल्यांदाच विणतेय.

“अरे, काय चाललंय काय?” लंबू ओरडला. “तोफेचे चेंडू बाहेर जातायत!”

तेव्हा ताईनं वर पाहिलं. पडद्यावर तिची पोर मागच्या रेषेजवळ वाकून उभी होती. तोफेनं ठोकलेला चेंडू आला, बारकीनं रॅकेट खाली नेऊन तो कापला. चेंडू संथपणे नेटवरून बोटभर उंचीनं गेला आणि टप्पा पडताच जमिनीलगत सरपटला. सहा फुटांच्या बाईला गुडघ्यात वाकून तो उचलावा लागत होता. समोरच्याचा वेग उसना घेऊन त्याच्या दुप्पट वेगानं परत करायचा, हा तोफेचा खेळ. इथं उसना घ्यायला वेगच नव्हता. चेंडू मेलेला यायचा. ती सगळी ताकद स्वतःची घालून मारायची आणि तो वीतभर, हातभर बाहेर जायचा.

पहिला सेट बारकीनं सहा-चार असा घेतला.

पाचच मिनिटांत दार ढकलून मैदानावरची एक कार्यकर्ती धावत आत आली. हातात दोन रॅकेटी, छाती धपापत होती. “पहिल्या क्रमांकाच्या! सामना चालू आहे. दोन्ही लगेच हव्यात. एक झाली की एक नेते.”

चालू सामन्यातून आलेली रॅकेट सगळ्यांत आधी, हा तिथला कायदा. मास्तरांनी ओळीवर नजर टाकली. लंबूच्या यंत्रावर दुसऱ्या मैदानावरून आलेली रॅकेट अर्धी विणलेली. अर्धी सोडली तर चौकट वाकते, ती सोडता येत नाही. पलीकडच्या तिघांचीही तीच गत. दुसऱ्या मैदानावर भोवरा आज तारांचा फडशा पाडत होती. सहाव्याचं यंत्र सकाळपासून बिघडून पडलेलं. ताईनं मात्र ‘भिंती’च्या रॅकेटची शेवटची गाठ नुकतीच मारली होती.

“ताई, घ्या.”

ताई जागची हलली नाही. “मास्तर, एक सांगायचं होतं.”

“नंतर सांगा.”

“नंतर नाही चालायचं. ती समोरची मुलगी आहे ना, ती माझी आहे.”

“तुमची म्हणजे? ओळखीतली?”

“माझी म्हणजे माझी. पोटची.”

चालू यंत्रांचा आवाज एकदम थांबला. लंबूच्या हातातला चिमटा तसाच उघडा राहिला. मास्तरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, जणू ताईला आजच पहिल्यांदा बघत होते.

“आणि हे आज सांगताय?”

“काम पडलं म्हणून सांगतेय. नाहीतर सांगणारच नव्हते.”

मास्तरांनी भिंतीवरचा फोन उचलला, सामनाधिकाऱ्यांना गाठलं, दोन वाक्यांत प्रकार सांगितला, पलीकडचं ऐकलं, ठेवला. “ते म्हणतात, मी शेजारी उभा राहणार असेन तर त्यांची हरकत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. हात थरथरणार असेल तर आत्ताच सांगा.”

ताईनं दोन्ही हात पुढं करून दाखवले. मग रॅकेट घेतली.

चिठ्ठी वाचली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. तोफेच्या रॅकेटचा ताण नेहमी तेवीस किलो. चिठ्ठीवर घाईघाईत लिहिलं होतं: पंचवीस. चालू सामन्यात कोणी ताण बदललाच तर अर्धा किलो, फार तर एक. दोन किलो म्हणजे हातातली रॅकेट बदलून दुसऱ्याच कोणाची दिल्यासारखं. तारा घट्ट केल्या की चेंडू ताब्यात राहतो हे खरं, पण त्याचा जोर जातो, तो आखूड पडू लागतो.

चिठ्ठी वाचली, ओढली, दिली, एवढंच तिचं काम होतं. कोणी तिला जाब विचारला नसता. पण सात वर्षांत तिनं अशी चिठ्ठी कोणाचीही विचारल्याशिवाय ओढली नव्हती.

“पंचवीसच ना?” तिनं कार्यकर्तीला विचारलं. “चोवीस नाही? एकदा खात्री करून घ्या. म्हणावं, दोन किलो जास्त होतात.”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. कार्यकर्तीनं कमरेच्या बिनतारी यंत्रावर विचारलं. खरखर झाली, मग उत्तर आलं: पंचवीस. म्हणजे पंचवीस.

मग ताईनं बाकी काही मनात ठेवलं नाही. जुन्या तारा कापून काढल्या, चौकट सहा ठिकाणी आवळली. उभ्या तारा मधल्यापासून सुरू करून एक डावी, एक उजवी. यंत्र पंचवीसवर ‘टिक’ करायचं, चिमटा बसायचा, पुढची. मग आडव्या, एक वरून, एक खालून, बोटाच्या टोकानं सरळ करत. तारा बोटांना कापत होत्या. मागं टीव्हीवर काय चाललंय ते लंबूच्या श्वासावरून कळत होतं, पण तिनं मान वळवली नाही. अठरा मिनिटांत पहिली रॅकेट झाली. तिनं तळव्यानं जाळी ठोकून पाहिली. आवाज नेहमीपेक्षा वरचा आणि टणक आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिली आणि दुसरी चढवली.

पहिली रॅकेट मैदानावर पोचली तेव्हा दुसऱ्या सेटमध्ये दोन-दोन अशी बरोबरी होती. त्यानंतर तोफेनं सलग चार गेम घेतले. बाहेर जाणारे चेंडू रेषेच्या आत पडू लागले. तिच्या डोळ्यांत पुन्हा तो शिक्का मारायचा आत्मविश्वास आला. सहा-दोन.

“काय हात आहे ताई तुमचा,” लंबू म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

“चांगलाच आहे,” ताई म्हणाली. पण दुसऱ्या रॅकेटची शेवटची गाठ मारताना तिनं ती दोनदा आवळून बघितली. आपण आपल्याच पोरीचा घास काढून दिला की काय, असं एकदा मनात येऊन गेलं. ते तिनं तिथंच दाबलं. दुसरी रॅकेटही तेवढीच चोख झाली होती. ती पिशवीत बंद होऊन वर गेली, आणि तोफेच्या पिशवीत न वापरता पडून राहिली, कारण पहिलीनंच काम भागत होतं.

तिसऱ्या सेटला तोफ चार-दोननं पुढं. मास्तरांनी ताईची पुढची रॅकेट उचलली आणि स्वतःच तिच्या यंत्रापुढं बसले. “दहा मिनिटं बसा,” एवढंच म्हणाले. मास्तर स्वतः तारा ओढायला बसलेले लंबूनं चार वर्षांत पाहिले नव्हते.

ताई स्टुलावर बसली आणि पहिल्यांदा सरळ टीव्हीकडे पाहू लागली.

बारकी सर्व्हिस घ्यायला उभी राहिली होती. पण नेहमीच्या जागी नाही. रेषेच्या आत, चांगलं दीड पाऊल पुढं. “अगं, मागं हो!” लंबू पडद्याला म्हणाला. “ती तोफ आहे! कपाळमोक्ष होईल!” तोफेची पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली. दुसरी आली. बारकीनं ती टप्पा पडल्या पडल्या, उसळायच्या आत कापली आणि सरळ नेटकडे धावली. तोफ मागून पळत आली, वाकली, उचलला. बारकी नेटवर उभीच होती. एका बोटाचं काम असल्यासारखी तिनं रॅकेट पुढं धरली आणि चेंडू पलीकडे अलगद ठेवून दिला.

ताईच्या ध्यानात आलं. तोफेचे चेंडू आता आत पडत होते, पण पूर्वीसारखे खोल नाही. सगळे मैदानाच्या मध्याजवळ. आणि पोरीनं ते ओळखलं होतं. जे कापून मागंच उभं राहायचं, ते आता कापून पुढं यायचं झालं. चार-तीन. चार-चार. तोफेनं एकदा तिच्या डोक्यावरून चेंडू उडवला. बारकी उलटी पळत गेली, पाठ करून दोन पायांच्या मधून मारायचा प्रयत्न केला आणि हसण्याजोगी आपटली. उठली, गुडघा झाडला, पुन्हा रेषेच्या आत. पाच-पाच. मास्तरांनी खोलीचा नियम मोडला. “अरे, आवाज द्या जरा त्याला!”

आवाज आला तो हजारो लोकांचा. सहा-पाच, आता बारकी पुढं. बारकीची सर्व्हिस फार जोराची कधीच नव्हती, पण आता ती प्रत्येक सर्व्हिसमागं नेटवर जात होती. दोन गुण तिनं घेतले, दोन तोफेनं. मग एक लांबलचक झटापट झाली, सव्वीस फटक्यांची. लंबू मोठ्यानं मोजत होता. सव्विसावा फटका नेटच्या पट्टीला लागून तोफेच्याच बाजूला परत पडला. आणि शेवटच्या गुणाला बारकीनं काय करावं? अख्खं मैदान श्वास रोखून असताना तिनं तोच, बोळातला, आठव्या वर्षीचा फटका मारला. कमरेखालून, सपकन. चेंडू रेषेवर पडला आणि उसळलाच नाही.

खोलीत एकच कल्ला झाला. लंबूनं ताईला स्टुलासकट उचलायचा प्रयत्न केला. तिनं ओढणीचं टोक तोंडावर दाबून धरलं होतं आणि खांदे गदगदा हलत होते.

पडद्यावर मुलाखत घेणारी बाई बारकीपुढं माइक धरून विचारत होती, “असा स्लाइस आता कोणी खेळत नाही. कुठं शिकलात?”

बारकीनं घाम पुसला. “माझ्या आईच्या दुकानामागच्या बोळात. आई रॅकेटच्या तारा ओढते. आत्ता, या क्षणी, या स्टेडियमच्या खाली ओढत बसली असेल.” मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, “आई, नाव काढू नको म्हटलं होतं ना मी? मीच काढलं बघ.”

हे जसं खोलीनं ऐकलं, तसंच तोफेच्या प्रशिक्षकानंही ऐकलं. पंधरा मिनिटांत तो दारात उभा होता. चेहरा लाल, हातात त्या दोन रॅकेटी.

“समोरच्या खेळाडूची आई आमच्या रॅकेटी ओढते? चेंडू आखूड का पडत होते ते आता कळलं. मी लेखी तक्रार करणार आहे.”

ताई उठून उभी राहिली. बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मास्तर मधे आले. त्यांनी आवाज चढवला नाही, आणि हीच घाबरायची गोष्ट होती.

“तक्रार जरूर करा. सामनाधिकाऱ्यांना आधीच माहिती आहे. पण त्याआधी ती द्या. पिशवीतली, न उघडलेली.” त्यांनी पिशवी सगळ्यांसमोर फाडली, कपाटातलं ताण मोजायचं उपकरण काढलं, जाळीवर लावलं आणि प्रशिक्षकालाच काटा वाचायला सांगितला.

“वाचा. मोठ्यानं.”

प्रशिक्षकानं वाचलं. “पंचवीस.”

“पुन्हा लावू? दुसऱ्या बाजूनं लावू?” मास्तरांनी दोनदा लावून दाखवलं. काटा केसभरही हलला नाही. “तुमच्या चिठ्ठीवर काय आहे? पंचवीस. आणि या बाईंनी ओढायच्या आधी विचारायला लावलं होतं की दोन किलो जास्त होतील, एकच करू का. लेकीचा सामना चालू असताना विचारलं. विचारलं नसतं तर कोणी काही म्हणणार होतं का?”

प्रशिक्षकानं पुन्हा काट्याकडे पाहिलं. त्याच्या मागून, दाराच्या चौकटीत डोकं वाकवून, तोफ स्वतः आत आली होती. केस ओले, डोळे सुजलेले. टीव्हीवर दिसायची त्याहून तरुण वाटत होती.

“दोन किलो मी सांगितले होते,” ती प्रशिक्षकाला म्हणाली. “यांचा निरोपही आला होता. मीच ऐकला नाही, चिडले होते.” मग ताईकडे वळून जरा थांबली. “रॅकेट उत्तम होती. दुसरा सेट तिनंच मिळवून दिला. पुढं तुमच्या मुलीला ते कसं कळलं, एवढं मला तिला विचारायचंय.”

“मलाही विचारायचंय,” ताई म्हणाली, आणि दोघीही हसल्या. तोफ लवकर हसायची थांबली. जाताना तिनं लंबूच्या खांद्यावर थोपटलं. लंबू पुढचा तासभर कामाचा राहिला नाही.

संध्याकाळी बारकी आली. गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधलेली, एक पाय ओढत. खोलीतल्या सगळ्या पुरुषांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा लाजून आईच्या मागं लपली. आई तिच्यापेक्षा बुटकी, त्यामुळं लपणं काही साधलं नाही.

“कसं ओळखलंस गं?” ताईनं विचारलं.

“आवाजावरून. दुसऱ्या सेटला तिनं रॅकेट बदलली आणि आवाज एकदम टणक झाला. मी लहानपणापासून तुझ्या टेबलाखाली बसून गृहपाठ केलाय आई. तू तळव्यानं जाळी ठोकायचीस ना, ते ऐकून मी सांगायचे, ही बावीस, ही पंचवीस. विसरलीस? पण डोकं तेव्हा चाललंच नाही. हरत होते, घाबरले होते. तिसऱ्या सेटला कुठं लक्षात आलं की एवढ्या घट्ट तारेतून खोल चेंडू येईलच कसा? मग गेले पुढं.” ती थांबली. “तू ओढल्या होत्यास हे मला नंतर कळलं. मला वाटलं लंबूदादांनी ओढल्यात. म्हटलं, काय जबरदस्त काम आहे!”

“बरं झालं होतं,” मास्तर पलीकडून म्हणाले. आणि या वेळी त्यांनी ताईकडे बघून म्हटलं.

उपांत्य सामना एक दिवस सोडून होता, भोवऱ्याशी. मास्तरांनी सकाळीच ताईच्या हातात एक तिकीट ठेवलं. “दोन तास खोलीत दिसायचं नाही. यंत्र मी बघतो.” सात वर्षांत ताई त्या स्टेडियमच्या खुर्च्यांपर्यंत कधी गेलीच नव्हती. पायऱ्या चढून वर आली आणि ते एवढं मोठं उघडं आभाळ, एवढी माणसं आणि मधे तो निळा चौकोन बघून तिला क्षणभर भोवळच आली. खुर्चीचा क्रमांक शोधायला शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मदत केली.

बारकी हरली. सरळ दोन सेटमध्ये, सहा-तीन, सहा-चार. भोवऱ्याचे चेंडू टप्पा पडून तिच्या खांद्याच्या वर उसळत होते, आणि एवढ्या उंचीवरचा चेंडू कापणं तिला जड जात होतं. शिवाय गुडघा दुखत होता. तरी दुसऱ्या सेटमध्ये तिनं तीन गेम सलग घेतले, आणि एकदा नेटपलीकडे जेमतेम पडणारा असा काही ड्रॉप शॉट टाकला की भोवऱ्यानंच रॅकेटवर हात वाजवून दाद दिली. ताईनं प्रत्येक गुण डोळ्यांत साठवून घेतला. टीव्हीवर कधी कळलं नव्हतं की पोर फटका मारण्याआधी टाचा किती हलक्या उचलते. आणि चुकली की स्वतःशी किती बडबडते. अगदी वडिलांसारखी.

सामना संपला. लोक उभं राहून टाळ्या वाजवू लागले, जिंकलेलीसाठी वाजवल्या त्याहून जास्त वेळ. बारकी पिशवी खांद्याला लावून निघाली आणि दारापाशी थांबून तिनं चारी बाजूंना हात उंचावला.

“खेळ जुन्या वळणाचा आहे,” शेजारचे गृहस्थ टाळ्या वाजवत म्हणाले, “पण बघत राहावंसं वाटतं. कुठल्या शिक्षकाकडे शिकली कोण जाणे!”

“एका शिंप्याकडे,” ताई म्हणाली.

“शिंपी?”

“बसा, सांगते,” ताई म्हणाली. तिच्याकडे अजून वीस मिनिटं होती. “माझी मुलगी आहे ती.”